नागनाथ ऑपरेटरच्या घरचा फोन

होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सील बनवणारी एक कंपनी आहे. तिथं फोन लावला की आधी एक भारदस्त आवाज कानावर पडायचा. "नमस्कारा, गुड मॉर्निंग," एवढंच तो म्हणायचा, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, पलीकडे कुणी उंचापुरा गृहस्थ कोट घालून बसला असणार. प्रत्यक्षात तो आवाज नागनाथ बिरादारचा होता, आणि नागनाथ म्हणजे अंगानं फाटका, जिन्याखालच्या गार खोलीत बाराही महिने स्वेटर घालून बसणारा ऑपरेटर. त्याला लहानपणापासून दिसत नव्हतं.

मूळचा तो बिदरकडचा, औराद तालुक्यातला. घरात मराठी आणि बाजारात कानडी. पोर असतानाच गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. बापानं मात्र हातपाय गाळले नाहीत, उचलून गुलबर्ग्याच्या अंधशाळेत नेऊन घातलं. तिथं वेताच्या खुर्च्या विणायला शिकवायचे. नागनाथची बोटं सोलून निघायची आणि खुर्ची तरीही तिरकीच व्हायची. शेवटी एका मास्तरनं त्याला बेंगळुरूला टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सला धाडलं आणि पोरगं मार्गी लागलं. नोकरी मिळाली, ती टिकली, आणि उदगीरच्या वासंतीचं स्थळ सांगून आलं. नातेवाईक तिला म्हणाले, विचार कर बाई, जन्माचा प्रश्न आहे. तिनं एकदा त्याच्याशी बोलून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, "हा माणूस ऐकून घेतो. बाकीचं मी बघते."

बिऱ्हाड बनशंकरीला थाटलं. कंपनीची बस तिथूनच सुटायची, म्हणून खिडकीची जागा कायम नागनाथची. वासंतीनं ज्वारीच्या भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली. धारवाड-विजापूरकडचे लोक होतेच, पुढं पुणे-नागपूरकडून आलेली कॉम्प्युटरवाली पोरंही भाकरी आणि शेंगाचटणीसाठी फोन करायला लागली. एवढं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ती पेटी आली.

झालं असं की रस्ता रुंद करताना कंपनीच्या फोनची जुनी केबल तुटली, आणि ती पुन्हा जोडण्यात कुणालाच रस नव्हता. साहेबांनी ठरवलं, आता इंटरनेटवरचे फोन घ्यायचे. दोन माणसं आली, नागनाथच्या टेबलाशेजारी भिंतीवर एक पेटी ठोकली, आणि घाईघाईत म्हणाली, "अण्णा, ह्याला गेटवे म्हणायचं. आत आठ चॅनेल आहेत. काही बोलायला, काही फॅक्सला. सगळी सेटिंग कॉम्प्युटरवरून." आणि गेली. खरेदी खात्याचा मॅनेजर रणजीत दारातून म्हणाला, "फोन आपका डिपार्टमेंट है, नागनाथजी. अब ये भी आप ही देखिए."

नागनाथनं पेटीवरून हात फिरवला. जुन्या बोर्डावर प्रत्येक लाईनला तिची जागा होती. गेटची लाईन डाव्या हाताला खाली, साहेबांची वर, कोणती खुली आणि कोणती गुंतलेली हे बोटांना कळायचं. ह्या पेटीवर हात ठेवला तर सगळीकडं सारखीच ऊब. खाली तारा खोचायची भोकं होती, पण भोक म्हणजे चॅनेल का, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आत एक बारीक पंखा फिरायचा, तेवढीच तिच्यात जीव असल्याची खूण.

त्याच्याकडं बोलणारा लॅपटॉप होता. पडद्यावर जे असेल ते इंग्रजीत वाचून दाखवणारा. त्यानं त्या पेटीचं पान उघडलं तर लॅपटॉप म्हणाला, "बटन. बटन. बटन. चॅनेल. बटन." ज्या माणसानं ते पान बनवलं होतं, त्यानं बटनांना नावंच दिली नव्हती. नागनाथनं भीतभीत एक दाबलं. लॅपटॉप म्हणाला, "खात्री आहे का?" नागनाथला कसलीच खात्री नव्हती. त्यानं झाकण मिटलं.

थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. पहिली फॅक्सची. कंपनीचं एक जुनं जपानी गिऱ्हाईक अजूनही ऑर्डर फॅक्सनंच पाठवायचं, त्यांचा दुसऱ्या कशावर विश्वास नव्हता. ती पानं आता अर्धीच यायची. वरचा मजकूर छापलेला, खाली पांढरं. दुसरी तक्रार बाहेरच्या लोकांची: तुमच्याकडं फोन लावला की कधी कधी कानात किंकाळी बसते. आणि तिसरी तक्रार खुद्द नागनाथची. दुपारी जेवणाच्या आधी तो घरी एक फोन करायचा, लग्न झाल्यापासूनची सवय. पेटी आल्यापासून त्याला वासंतीचा आवाज येई, पण त्याचा आवाज तिला पोचत नसे. "हॅलो? हॅलो? आवाज येईना की," म्हणून ती फोन ठेवून द्यायची.

खरं म्हणजे पेटीच्या आधीही असं अधूनमधून व्हायचं. पण तेव्हा केबल जुनी होती, आणि जुन्या केबलला माणूस काय बोलणार? दोष सरळ तिकडून उचलून त्यानं पेटीवर ठेवला.

घरीही हल्ली काही तरी बिघडलं होतं, पण काय ते त्याच्या लक्षात येईना. स्वयंपाकघराकडं तोंड करून तो काही बोलायचा आणि उत्तरच यायचं नाही. ज्याला दिसतं, त्याला समोरचं माणूस गप्प बसलंय की उठून गेलंय हे कळतं. नागनाथला काय कळणार? त्याला वाटायचं, वासंती बाहेर गेली. तो गप्प बसायचा, आणि मग अचानक शेजारीच बांगड्या वाजायच्या. म्हणजे ही इथंच होती! मग बोलली का नाही? आणि बोलायची तेव्हा चढ्या आवाजात, भांडल्यासारखी. त्यानं ताडलं की बायको आपल्यावर रागावलीय. कशावरून, हे खूप आठवून पाहिलं. सापडलं नाही. कारण माहीत नसलेल्या रागाला माणूस जपूनच वागतो. त्यानं बोलणं कमी केलं, आवाज खाली आणला.

कंपनीनं तक्रार केल्यावर पेटीवाल्यांकडून एक इंजिनिअर आली. चपलांचा आवाज हलका आणि बॅग जड. तिनं हिंदीत सुरुवात केली. फोनवर मात्र कुणाशी तरी बोलताना म्हणाली, "हो ना आई, पोचली मी. बघून राहिली ना." नागनाथ खुर्चीत सरळ झाला.

"बाई, तुम्ही आपल्याकडच्या?"

"अय्यो, काका, तुम्ही मराठी?" ती हसली. नाव भार्गवी. नागपूरची, कोरमंगलाला पीजीत राहणारी, नोकरीला लागून थोडेच महिने झालेली. नागनाथनं आपल्या तिन्ही तक्रारी तिच्यापुढं ठेवल्या. तिनं ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "काका, तिन्हींचं कारण एकच असेल. कुठंतरी एकच सेटिंग चुकलं आहे. ते सापडलं की झालं."

हे वाक्य दोघांनाही फार बरं वाटलं, आणि त्या वाक्यानंच सगळा घोळ केला.

भार्गवीनं फॅक्स मशीन ह्याआधी कधी चालताना बघितलं नव्हतं. कॉलेजात त्याच्यावर पुस्तकात एक परिच्छेद होता, तोही परीक्षेत आला नव्हता. ती पडद्यावरचं वाचायची, नागनाथ अर्थ विचारायचा, आणि ती म्हणायची, "थांबा हं, बघते." एक बदल केला तर सगळ्या फोनांवर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू यायला लागला. तो घालवायला दुसरा बदल केला, तर स्टोअरचा फोन कँटीनमध्ये वाजायला लागला. कँटीनवाला हात पुसत आला आणि म्हणाला, "अण्णा, कुणी तरी माझ्याकडं ऑइल सीलचं खोकं मागतंय. काय सांगू?"

"सांग, इडली संपली म्हणून," नागनाथ वैतागून म्हणाला.

तेवढ्यात रणजीत हातात कागद फडकवत आला. जपानचा फॅक्स पुन्हा अर्धाच. कोणता सील हवा ते वर आलं होतं, कुठं पाठवायचा ते खालच्या पांढऱ्यात गेलं होतं. "मॅडम, सुबह से क्या चल रहा है? पहले आधा आता था, अब भी आधा आता है, ऊपर से कँटीन में फोन बज रहा है!" भार्गवी रडकुंडीला आलीय, हे नागनाथनं तिच्या श्वासावरून ओळखलं.

"स्वल्प तडी, सर, जरा थांबा," तो रणजीतला म्हणाला. "जेवून घेऊ द्या त्यांना."

जेवताना त्यानं आपल्या डब्यातली भाकरी तिच्यापुढं सरकवली. तिनं घास घेतला आणि थांबलीच. "काका, ही कोणी केली? मला पीजीत रबराच्या पोळ्या भेटतात हो."

"आमच्या घरच्यांनी. विकतात त्या. बनशंकरीला."

"मग मला नंबर द्या ना!"

"देतो. पण फोन लागला तर आवाज जायला पाहिजे ना," नागनाथ म्हणाला, आणि दोघंही पहिल्यांदा हसले.

पोटात अन्न गेल्यावर भार्गवीचं डोकं जरा शांत झालं. तिनं आपल्या ऑफिसात कुणाला तरी फोन केला, बराच वेळ 'हां, हां' केलं, आणि येऊन म्हणाली, "काका, मी सकाळपासून सगळ्या चॅनेलना एकच औषध देऊन राहिली होती. तसं नाही चालत. बोलायचे चॅनेल वेगळे, फॅक्सचे वेगळे, दोघांची सेटिंग वेगळी ठेवावी लागते."

"का बरं? आवाज तो आवाज."

ती अडखळली. मग म्हणाली, "आमच्याकडे जिनिंगमध्ये कापसाची गाठ बांधतात, माहीत आहे? दाबून, दाबून एवढीशी करतात. माणसाचं बोलणं ही पेटी तसं दाबून पाठवते. तिकडे गाठ सोडली की थोडंफार इकडचं तिकडे झालं, तरी माणूस समजून घेतो. फॅक्सचं तसं नाही. त्याची ती किंकाळी म्हणजेच त्याची अक्षरं. ती दाबली की मोडतात. मशीन काय समजून घेणार?"

हे नागनाथला पटलं. निदान तिनं सांगितलं त्यातलं तेवढं तरी पटलं. तिनं सगळं पुसून नव्यानं मांडलं. बोलायचे चॅनेल एका बाजूला. फॅक्सचे दुसऱ्या बाजूला, न दाबता. किंकाळीचाही पत्ता लागला. सगळ्या लाईनी गुंतल्या की पेटी नव्या फोनला पुढच्या रिकाम्या चॅनेलवर ढकलायची, आणि तो पुढचा चॅनेल नेमका फॅक्सचा होता. बिचारं गिऱ्हाईक "हॅलो" म्हणायचं आणि फॅक्स त्याच्या कानात ओरडायचा. तिनं फॅक्सचे चॅनेल त्या रांगेतून काढून टाकले. जपानला पुन्हा पाठवायला सांगितलं. मशीन किंचाळलं, थांबलं, खरखरलं, आणि कागद बाहेर येतच राहिला. रणजीतनं तो वरून खालपर्यंत वाचला. "पूरा है," एवढंच म्हणाला आणि कागद घेऊन गेला.

"आता तुमचं, काका," भार्गवी उत्साहानं म्हणाली. "लावा घरी."

नागनाथनं फोन लावला. भार्गवीनं आवाज मोठा केला, दोघांना ऐकू यावा म्हणून.

"हॅलो?" वासंती म्हणाली.

"वासंती, मी. ऐकायलीस का?"

"हॅलो? कोण? अहो, तुम्ही आहाव का? आवाज येईना की."

"मी बोलायलोय! आता येतोय का?"

"बघा, पुन्हा तसंच," असं स्वतःशीच म्हणून तिनं फोन ठेवला.

भार्गवी गोंधळली. चॅनेल बदलला. तेच. आणखी एक बदलला. पुन्हा तेच, फक्त वासंतीचा आवाज आणखी वैतागलेला. मग तिनं त्याच चॅनेलवरून कोरमंगलाला आपल्या खोलीतल्या स्वानंदीला लावला. "ऐकू येतं का गं?" स्वानंदी म्हणाली, "अगं, शेजारी बसून बोलल्यासारखं येतंय. झालं काय?" बाकीचे चॅनेलही पाहिले. स्वानंदीला सगळ्यांवरून स्वच्छ ऐकू येत होतं.

"काका, मला काहीच कळून नाही राहिलं," भार्गवी म्हणाली. "एक करू. पेटी सोडूनच देऊ. मी माझ्या मोबाइलवरून लावते."

तिनं स्पीकर चालू करून नंबर लावला. "हॅलो, काकू? मी भार्गवी बोलते. भाकरीसाठी."

"कोण? मोठ्यानं बोला जरा. फोन खराब आहे आमचा."

"भाकरी, काकू! भाकरी!"

"काय? कळंना झालंय... सुप्रीता, बघ गं, कुणाचा आहे ते."

सुप्रीता म्हणजे वरच्या मजल्यावरची शेजारीण. भाकरी न्यायला आली असावी. फोन ह्या हातातून त्या हातात गेला. "हां, हेळि, बोला," ती म्हणाली.

नागनाथ पुढं वाकला. "सुप्रीता, नागनाथ अण्णा बोलतोय. माझा आवाज येतोय का?"

"हो अण्णा, येतोय ना. छान येतोय."

"फोन तोच आहे?"

"तोच. फोन सरी आहे अण्णा, फोनला काय झालंय? अक्कालाच..." आणि ती थांबली. मागं वासंती विचारत होती, "कोण आहे? कोण आहे गं?" सुप्रीता घाईनं म्हणाली, "नंतर बोलते अण्णा."

पेटीतला पंखा फिरत राहिला. नागनाथनं टेबलाची कड हातानं चाचपली, जणू ती जागची हलली होती. फोनवर कोण दमलेलं आहे, कोण खोटं बोलतंय, कुणाच्या घरी काय झालंय, हे तो 'हॅलो'वरून सांगायचा. आणि घरात?

"काका," भार्गवी हळूच म्हणाली, "मी अजून एकदा चेक करू का?"

"नको, बाई. तुमची पेटी बरोबर आहे."

बनशंकरीपर्यंतची बस त्या संध्याकाळी नेहमीसारखीच रखडत गेली. नागनाथ खिडकीशी बसून मागचं एकेक आठवत होता, आणि जे आठवेल ते उलटं करून बघत होता. ती बोलली नाही, म्हणजे रागावली नव्हती. ती ओरडली, म्हणजे भांडत नव्हती. आणि गिऱ्हाइकांनी फोन न करता मेसेजच करावा म्हणून तिनं धरलेला हट्ट? तेव्हा ती म्हणाली होती, फोनवर फार वेळ जातो. पण मग सुप्रीताला माहीत, आणि मला नाही? इथं येऊन त्याला राग यायचा, आणि कुणाचा ते ठरायच्या आत तो विरून जायचा.

घराचं दार उघडंच होतं. ज्वारीच्या पिठाचा वास येत होता, पण भाकरी थापल्याचा आवाज नव्हता. सुप्रीतानं सांगितलं असणार. तो आत जाऊन उभा राहिला. कुठल्याशा कोपऱ्यात बांगडी हलली.

"वासंती, कोणता कान?"

तो बांगडीच्या रोखानं गेला, हात पुढं केला. पिठानं माखलेल्या बोटांनी तिनं तो धरला आणि आपल्या उजव्या कानाला लावला.

"ह्यातून थोडं येतंय," ती म्हणाली. "डाव्यातून नुसतं गुंग गुंग."

"कधीपासून?"

"काय म्हणलाव?"

तो उजव्या कानाशी वाकला. "कधीपासून, म्हटलं."

"दिवाळीच्या आधीपासून. का त्याच्याही आधीच्या दिवाळीपासून, मलाच सांगता येईना. आधी वाटलं, लोकच हळू बोलायलेत."

"मला का नाही सांगितलंस?"

ऐकू आलं नसेल, असं वाटून तो पुन्हा विचारणार, तोच ती बोलली. "कसं सांगू? तुम्हाला दिसत नाही, मी बघून सांगते, असं आपलं चाललंय. त्यात मलाच ऐकू येईना म्हणलं तर तुम्ही इकडून हाका मारणार आणि मी तिकडं ढिम्म. दोघांत मिळून एक माणूस तरी धड पाहिजे का नको?"

"मला वाटलं, तू रागावलीस."

"मी? कशाला?"

"उत्तर देत नव्हतीस."

"अहो, मला वाटायलं, तुम्हीच बोलायचं सोडलाव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "ओठ हलताना दिसायचे आणि काहीच यायचं नाही. मी म्हणलं, हा माणूस माझ्यावर मनातल्या मनात पुटपुटायलाय."

ती रागावलीय म्हणून नागनाथ हळू बोलायला लागला होता, आणि तो हळू बोलतोय म्हणून तिला आणखी ऐकू येईनासं झालं होतं. हे त्यानं तिच्या कानाशी सांगायचा प्रयत्न केला, पण सांगता सांगता त्याचाच गुंता झाला. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या. भाकरी खाता का?"

पुढच्या आठवड्यात दोघं कानाच्या दवाखान्यात गेले. एका बंद खोलीत वासंतीला बसवलं, कानावर काही तरी चढवलं, आणि शिट्टी ऐकू आली की बोट वर करायला सांगितलं. नागनाथ बाहेर बाकावर बसला होता. त्या दारातून कणभरही आवाज बाहेर येत नव्हता. असली खोली त्याला आयुष्यात भेटली नव्हती. आत काय चाललंय, ती बोट वर करतेय की नुसतीच बसलीय, काही कळायला मार्ग नाही. त्यानं शेजारच्या बाईला विचारलं, "दार लागलंय ना?" ती म्हणाली, "लागलंय की."

तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, दोन्ही कान उतरलेत, डावा जास्त, कानाचं मशीन लावलं की चालेल. मशीन लागलं. नागनाथला वाटलं होतं, आता मिटलं. वासंतीला तर त्याहून वाटलं होतं. पण दवाखान्याच्या बाहेर पाऊल टाकलं आणि तिनं त्याचा दंड घट्ट धरला. रिक्षा, हॉर्न, कुणाच्या चपला, स्वतःच्याच साडीची सळसळ, सगळं एकदम, सारख्याच जोरात अंगावर येत होतं. कोणता आवाज कुठून येतोय हेच तिला उमगेना.

"बोल काही तरी," तो म्हणाला.

ती दचकली. "हे तुम्ही बोललाव?"

"मग कोण?"

"तुमचा आवाज असा नव्हता." तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं असावं. "हा डब्यातून आल्यासारखा आहे. कुणा परक्याचा."

ज्या आवाजावर कंपनीतले सगळे भाळायचे, तो आपल्याच बायकोला परका! नागनाथनं रिक्षात बसल्यावर स्वतःशीच दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "येनु सार?" तो म्हणाला, "काही नाही. चलो."

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. तो लागलाच. वासंती भाकऱ्या थापताना मशीन काढून ठेवायची, थापण्याचा आवाज डोक्यात बसायचा म्हणून. मग लावायची विसरायची. मग नागनाथ आधी विचारायचा, "लावलंयस का?" आणि उत्तर आलं नाही की समजायचा. पण एकदा ती लावून होती आणि तरीही बोलली नाही, कारण त्या दिवशी ती खरंच रागावलेली होती. हे कळायला त्याला सबंध संध्याकाळ लागली.

भार्गवी पुन्हा एकदा होसकोट्याला आली. बिनानावाच्या बटनांपैकी कामाची कोणती, ती कुठं, हे तिनं त्याला धीरानं शिकवलं. आता चॅनेल बंद करणं, चालू करणं, फॅक्सचा चॅनेल बोलण्याच्या रांगेत घुसला तर बाहेर काढणं, एवढं त्याला जमतं. बाकी पेटी अजून परकीच आहे. त्यानं एकदा तिला सरळ विचारलं, "बाई, चॅनेल म्हणजे नेमकं कुठं असतं ते?" ती म्हणाली, "खरं सांगू का काका? मलाही तसं दाखवता नाही येणार. आणि त्या दिवशी फॅक्स नेमका कशानं सुधारला, तेही मला पक्कं माहीत नाही. मी एकदमच पाच-सहा गोष्टी बदलल्या होत्या. आता चालून राहिलं आहे, तर हात नाही लावत." दर शनिवारी ती बनशंकरीला येऊन भाकऱ्या नेते. वासंतीला तिचं बोलणं चांगलं कळतं, कारण ती कानाशी येऊन नागपुरी मोकळेपणानं ओरडते.

परवा रविवारी दोघं भाजी आणायला गेले होते. वासंतीनं मशीन लावलं होतं. आताशा ती वाटेत थांबून विचारते, "हे काय वाजायलंय?" आणि नागनाथ सांगतो: वरच्या घरातला मिक्सर, पलीकडे लोखंडी शटर, हे उसाच्या रसाच्या गाड्याचं घुंगरू. ती एकेक लक्षात ठेवते. भाजीवालीपाशी उभे असताना मात्र नागनाथच थबकला.

"वासंती, काय वाजतंय हे? बारीक, शिट्टीसारखं?"

"मला तर काही येईना," ती म्हणाली. "कुठं?"

"इथंच. अगदी जवळ." त्यानं मान इकडं वळवली, तिकडं वळवली. शिट्टी त्यांच्या सोबतच होती. वरच्या तारेवर काही आहे का, म्हणून वासंतीनं पाहिलं. टोपलीत कुणाचा फोन पडलाय का, म्हणून भाजीवालीनं मेथी बाजूला केली. तिघंही काही वेळ शोधत राहिले. मग भाजीवालीनं वासंतीकडं निरखून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"निम्मदे, अम्मा," ती म्हणाली. "तुमच्याच कानातून येतंय."

मशीन ढिलं बसलं होतं, तेच शिट्टी घालत होतं. वासंतीनं ते बोटानं आत दाबलं. शिट्टी बंद झाली.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली," नागनाथ म्हणाला, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकायला त्यानं पिशवीचं तोंड उघडून धरलं.